परदेशातून काम करून घेताना दर आणि दर्जा यांचा हिशेब कसा मांडावा?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा आहे. घरगुती वापराचे एक छोटे विद्युत उपकरण आपली कंपनी सध्या देशातल्याच एका पुरवठादाराकडून बनवून घेते. परदेशातील एका कारखान्याने त्याच उपकरणासाठी सुमारे चाळीस टक्के कमी दराचे कोटेशन दिले आहे आणि त्यांनी पाठवलेले नमुने आपल्याला पसंत पडले आहेत. त्याच्या जोडीला बिलांची संगणकीय नोंद आणि ग्राहकांच्या तक्रारींना पहिले उत्तर देणे ही कामेही परदेशी संस्थेकडे सोपवावीत, असा विचार चालू आहे. तेव्हा दर्जात किती तडजोड मान्य करून किती बचत पदरात पाडून घ्यावी, असे आपण विचारले आहे.

पुरवठादार निवडणे आणि त्यांच्या मालाच्या दर्जावर देखरेख ठेवणे हेच माझे काम राहिले आहे, आणि त्या अनुभवावरून मला प्रथम हे सांगावेसे वाटते की दर आणि दर्जा यांच्यातील देवाणघेवाण आपल्या हातात असतेच असे नाही. थोडा दर्जा सोडून थोडी बचत घ्यायची, हा व्यवहार फक्त त्यालाच जमतो, ज्याला समोर आलेला माल किंवा काम चांगले की वाईट हे वेळेत आणि परवडणाऱ्या खर्चात ओळखता येते. ज्याला ते ओळखता येत नाही, त्याच्या बाबतीत दर ठरतो करारावर आणि दर्जा ठरतो पुरवठादाराच्या सोयीवर. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवून दिले होते. विकणाऱ्याला मालाचा खरा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सरासरी दर्जाचाच दर द्यायला तयार होतो आणि चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्यात या मांडणीचा मोठा वाटा होता. परदेशातून काम करून घेताना अंतर, भाषा आणि वेळेतील फरक यांमुळे घेणाऱ्याचे हे अज्ञान वाढते. म्हणून ‘किती तडजोड करावी’ हे ठरवण्याच्या आधी ‘या कामातले आपल्याला नेमके काय पारखता येते’ हे ठरवावे.

आता आपल्या चाळीस टक्क्यांकडे वळू. समजा, देशातील पुरवठादाराचा दर प्रतिनग १०० आहे आणि परदेशी कारखान्याचा ६०. पुढचे आकडे मी केवळ रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत; आपण त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत. साठात वाहतूक आणि विमा यांचे ७, आयात शुल्काचे ५, माल निघण्यापूर्वीच्या तपासणीचे ३, समन्वय व प्रवासाचे ५ आणि समुद्रावर व गोदामात अडकलेल्या मालातील भांडवलाचे ३ मिळवले की बेरीज ८३ होते. यापुढची ओळ बहुतेक तक्त्यांत नसते. सदोष नग ग्राहकाच्या हाती पडला तर तो परत घेणे, बदलून देणे, तक्रार हाताळणे आणि पुढची विक्री गमावणे हे सारे धरून एका नगामागे ३०० खर्च येतो असे माना. देशातल्या मालात एक टक्का नग सदोष निघत असतील, तर दर नगावर ३ चा बोजा पडून खरा दर १०३ होतो. परदेशी मालात चार टक्के निघाले तर १२ चा बोजा पडून खरा दर ९५ होतो. म्हणजे कागदावरचा चाळीसचा फरक प्रत्यक्षात आठवर आला. सदोष नगांचे प्रमाण पावणेसात टक्क्यांच्या आसपास गेले की तोही संपतो, आणि सात टक्क्यांना परदेशी माल १०४ ला पडून देशातल्या मालापेक्षा महाग होतो.

हा तक्ता मांडल्यावर एक उपयुक्त गोष्ट हाती येते, ती म्हणजे सदोष मालाची ती मर्यादा जिच्यापुढे हा व्यवहार तोट्यात जातो. मग विचार करण्याचा प्रश्नही नेमका होतो: परदेशी कारखान्यातून येणाऱ्या मालात दोषांचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आतच राहील, अशी खात्री मी कशाच्या आधारे देऊ शकतो? ग्राहकाकडे झालेल्या बिघाडाचा खर्च ज्या वस्तूंत मोठा असतो, उदाहरणार्थ विजेचा धक्का बसणे, आग लागणे किंवा इजा होणे जिथे शक्य आहे, तिथे तो ३०० नसून त्याच्या कितीतरी पट असतो आणि अशा दोषांसाठी ही मर्यादा जवळजवळ शून्यावर येते. आपले उपकरण विजेवर चालणारे आहे. त्यामुळे बाह्य कवचावरील ओरखडा आणि वायरच्या आवरणाची जाडी यांना एकाच ‘दोष’ या रकान्यात बसवू नये.

तक्त्यात न दिसणारा आणखी एक घटक म्हणजे अंतरामुळे लागणारा वेळ. पुरवठादार जवळ असेल तर आज सापडलेला दोष या आठवड्याच्या उत्पादनात दुरुस्त होतो. माल समुद्रमार्गे पाच-सहा आठवड्यांवर असेल, तर पहिल्या कंटेनरमधला दोष आपल्या गोदामात उघडकीस येतो तेव्हा त्याच दोषाचे दुसरे कंटेनर समुद्रावर असते, तिसरे बंदरात आणि चौथ्याचे उत्पादन चालू असते. म्हणजे एका चुकीची किंमत चार खेपांवर मोजावी लागते. शिवाय हा वेळ स्थिर नसतो. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुवेझ कालव्यात अडकून वाहतूक सहा दिवस ठप्प झाली होती, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा आशिया-युरोप प्रवासात साधारण दहा ते चौदा दिवसांची भर पडली. असा उशीर झाला की कंपन्या दोनच मार्गांनी बाहेर पडतात. एक तर विमानाने माल मागवतात, ज्यात वर्षभराची बचत एका खेपेत जाऊ शकते, किंवा तपासणीत नापास झालेला माल ‘या वेळेपुरता’ म्हणून स्वीकारतात. दुसरा मार्ग अधिक घातक आहे, कारण त्यातून पुरवठादाराला आपली खरी मर्यादा कळते.

तपासणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच सर्वाधिक गैरसमज दिसतात. माल निघण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेकडून नमुना-तपासणी करून घेण्याची रीत आहे आणि ती बहुधा आयएसओ २८५९-१ या मानकातील तक्त्यांनुसार होते. करारात ‘एक्यूएल २.५’ (एक्यूएल म्हणजे दोषांची स्वीकारार्ह मर्यादा) असे लिहिलेले असते आणि घेणारा समजतो की अडीच टक्क्यांहून अधिक दोष असलेला माल आपोआप परत जाईल. प्रत्यक्षात पाच हजार नगांच्या खेपेसाठी सर्वसाधारण तपासणी-पातळीवर २०० नग काढले जातात, त्यांत दहापर्यंत सदोष निघाले तर खेप मान्य होते आणि अकरा निघाले तर अमान्य होते. आता एखाद्या खेपेत खरोखर पाच टक्के नग सदोष आहेत असे समजा. दोनशेच्या नमुन्यात सरासरी दहा सदोष नग येतील, आणि अशी खेप मान्य होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, जवळपास अठ्ठावन्न टक्के, असते. हा तक्त्याचा दोष नाही. प्रामाणिकपणे अडीच टक्के दोष राखणाऱ्या उत्पादकाचा माल विनाकारण परत जाऊ नये, अशाच हेतूने त्याची रचना आहे, आणि अशा मालाच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णवहून अधिक खेपा त्यातून पार होतात. सलग खेपांत दोष वाढू लागले तर तपासणी कडक करण्याचे नियमही त्याच मानकात आहेत, पण एकेका ऑर्डरवर काम करणारे खरेदीदार ते वापरताना क्वचितच दिसतात. तात्पर्य, ग्राहकाच्या दृष्टीने गंभीर दोषांसाठी वेगळी व कडक मर्यादा लावावी, सुरक्षिततेशी संबंधित दोषांसाठी ‘एकही नाही’ असे लिहावे आणि विद्युत सुरक्षेची चाचणी नमुन्यावर न सोडता प्रत्येक नगावर करून घ्यावी.

तपासणीचा अहवाल ‘पास’ आल्यावरही दर्जा कसा घसरत जातो, याचे जवळून पाहिलेले एक उदाहरण देतो. एका उपकरणाचे प्लास्टिकचे कवच इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून, बनत होते. मोल्डिंगमध्ये प्रत्येक वेळी साचा भरताना त्याच्या वाटांत (स्प्रू आणि रनर) जे प्लास्टिक उरते, ते दळून पुन्हा कच्च्या मालात मिसळता येतो. अशा रीग्राइंडचे थोडे प्रमाण अनेक वस्तूंत निर्धोकही असते. पहिल्या काही खेपा ताज्या दाण्यांच्या होत्या आणि त्या निर्दोष होत्या. दर कायम राहिला, कच्चा माल महागला, आणि कारखान्याने रीग्राइंडचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले. कवचाची मापे टॉलरन्समध्ये, म्हणजे मान्य फरकाच्या आत, होती. रंग मान्य नमुन्याशी जुळत होता. वजनातही फरक नव्हता. तपासणीच्या यादीत एवढेच मुद्दे असल्यामुळे प्रत्येक अहवाल स्वच्छ येत राहिला. नंतर ग्राहकांकडून जे नग परत आले, त्यांतील बहुतेकांचा स्क्रू ज्या पोकळ खांबात बसतो त्या बॉसच्या मुळाशी केसासारखी बारीक चीर होती. जुन्या आणि नव्या खेपेतली दोन कवचे शेजारी ठेवून त्यांचे कोपरे हाताने वाकवले, तेव्हा जुने पांढरे पडून वाकले आणि नवे कडकन तुटले. प्लास्टिक वारंवार तापवले की त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटून आखूड होतात आणि ते ठिसूळ बनते, हे मोल्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. कारखान्याने करारातील एकही लिखित अट मोडली नव्हती, कारण कच्च्या मालाची ग्रेड आणि रीग्राइंडची कमाल मर्यादा करारात लिहिलेलीच नव्हती.

म्हणून नमुना पसंत पडला या गोष्टीला मी पहिल्या भेटीतील सौजन्याइतकेच महत्त्व देतो. नमुना बनवताना कारखान्यातला सर्वात कुशल माणूस, सर्वात चांगले मशीन आणि हवा तेवढा वेळ वापरलेला असतो. त्यातून त्या कारखान्याला काय जमू शकते हे कळते. दर तासाला, रात्रपाळीत, दर परवडेनासा झाल्यावर तो काय करील हे कळत नाही. ते कळण्यासाठी प्रत्यक्ष उत्पादनाच्या मोल्डमधून आणि प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेगाने निघालेले काही शे नग पाहावे लागतात, आणि मान्य नमुन्याच्या सीलबंद प्रती दोन्ही पक्षांकडे व तपासणी संस्थेकडे ठेवाव्या लागतात.

चाचणी नेमके काय मोजते हे न पाहिल्यास काय होते, याचे सार्वजनिक नोंदीतले एक मोठे उदाहरण २००७ चे आहे. चीनमधून उत्तर अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले निघाले आणि पाळीव प्राण्यांचे अन्न मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घ्यावे लागले. अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. भेसळीमागचे कारण साधे होते. प्रथिनांचे प्रमाण थेट न मोजता नायट्रोजन मोजून त्यावरून काढले जाते, आणि मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. चाचणीला प्रथिने दिसली, प्रत्यक्षात ती नव्हती. पाठोपाठ २००८ मध्ये रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाच्या कच्च्या मालात एक कृत्रिमरीत्या बदललेला कॉन्ड्रॉयटिन सल्फेट आढळला. त्या वेळच्या नित्याच्या चाचण्यांना तो हेपॅरिनपासून वेगळा ओळखता येत नव्हता, आणि रुग्णांवर गंभीर परिणाम दिसल्यानंतरच औषधसंहितेतल्या चाचण्या बदलल्या गेल्या. दोन्ही ठिकाणी घेणाऱ्याने चाचणी केली नव्हती असे नाही. दर्जाच्या जागी दर्जाची एक खूण मोजली जात होती आणि ती खूण स्वस्तात तयार करता येत होती. आपल्या तपासणीच्या यादीतील प्रत्येक मुद्द्यापुढे हा प्रश्न विचारून पाहावा: खरा दर्जा न देता ही ओळ ‘पास’ करून घेता येईल का?

मात्र दोष नेहमी परदेशी कारखान्याचाच असतो, असे मानणेही अन्यायाचे आहे. २००७ मध्येच मॅटेल या खेळणी कंपनीने चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी परत मागवली. काही खेळण्यांच्या रंगात शिसे होते आणि तो दोष उत्पादनाच्या साखळीतला होता. पण परत मागवलेल्या मालातला मोठा भाग लहान चुंबके निखळण्याच्या धोक्यामुळे होता आणि तो दोष कंपनीच्या स्वतःच्या रचनेतला होता; त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बीजिंगमध्ये ते जाहीरपणे मान्य केले. माझ्याही पाहण्यात असे पुष्कळदा आले आहे की देशातला जुना पुरवठादार ड्रॉइंगमधल्या उणिवा वर्षानुवर्षे न बोलता भरून काढत असतो. कुठे कड गुळगुळीत करायची, कोणता स्क्रू किती आवळायचा, हे त्याच्या कामगारांना तोंडपाठ असते आणि कागदावर कुठेच नसते. काम परदेशी गेले की नवा कारखाना ड्रॉइंगप्रमाणे अचूक काम करतो आणि वस्तू बिघडते. म्हणून काम हलवण्यापूर्वी सध्याच्या पुरवठादाराकडे दोन-तीन दिवस उभे राहून, तो ड्रॉइंगपेक्षा वेगळे काय करतो ते एकेक करून लिहून काढावे. या कष्टाला पर्याय नाही.

बिलांची नोंद आणि तक्रारींची उत्तरे या सेवांबाबत बंदर, जहाज आणि शुल्क यांचा प्रश्न उरत नाही, पण दर्जाची व्याख्या अधिक निसरडी होते. बिल-नोंदणीच्या प्रस्तावात ‘९८ टक्के अचूकता’ असे लिहिलेले असते. ही अचूकता बहुधा प्रत्येक रकान्याची असते. एका बिलात वीस रकाने असतील आणि प्रत्येक रकाना ९८ टक्के वेळा बरोबर असेल, तर संपूर्ण निर्दोष बिले शंभरात फक्त सदुसष्टच्या आसपास राहतात. म्हणजे दर तिसऱ्या बिलात कुठेतरी चूक असते. रकान्याची अचूकता ९९.५ टक्के असेल तर निर्दोष बिले नव्वदीपर्यंत जातात. प्रस्तावाच्या कागदावर दीड टक्क्याचा दिसणारा हा फरक आपल्या हिशेब विभागाला किती हात लागतील हे ठरवतो. शिवाय सर्व रकाने सारखे नसतात. पत्त्यातली मात्रा चुकली तर काही बिघडत नाही. रकमेतला दशांश चुकला तर फार बिघडते. करारात रकमेच्या, तारखेच्या आणि खातेक्रमांकाच्या चुकांना वेगळी मर्यादा असावी, तीच बिले दोन वेगवेगळ्या माणसांकडून नोंदवून फरक तपासण्याची तरतूद असावी आणि नमुना-तपासणीसाठी बिले आपण निवडावीत, त्यांनी नव्हे.

तक्रारींची उत्तरे देण्याच्या कामाविषयी माझे मत अधिक सावध आहे. डेल या संगणक कंपनीने नोव्हेंबर २००३ मध्ये आपल्या काही कॉर्पोरेट ग्राहकांचे तांत्रिक मदतीचे फोन बंगळुरूहून पुन्हा अमेरिकेतील केंद्रांकडे वळवले, कारण ग्राहक नाराज होते; घरगुती ग्राहकांचे फोन मात्र परदेशी केंद्रांकडे चालू राहिले. यातून मी हे घेतो की तेच काम, त्याच माणसांकडून, एका प्रकारच्या ग्राहकाला पुरेसे ठरते आणि दुसऱ्याला अपुरे. ठरावीक प्रश्नाचे ठरावीक उत्तर देण्याचे काम दूर पाठवता येते. पण नव्या उपकरणाच्या पहिल्या वर्षातील तक्रारी म्हणजे कंपनीला स्वतःच्या वस्तूविषयी मिळणारी सर्वात खरी माहिती असते, आणि फोन किती मिनिटांत संपला यावर ज्याचे बिल ठरते तो माणूस ती माहिती गोळा करण्यासाठी थांबत नाही. निदान पहिल्या वर्षी तरी हे काम आपल्याकडेच ठेवावे, आणि कोणत्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात हे स्थिरावल्यावर तेवढाच भाग बाहेर द्यावा. ग्राहकांचे नाव, पत्ता, फोन हा मजकूर परदेशी पाठवण्याला कायद्याच्या मर्यादा असू शकतात. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांत तर अशा हस्तांतरणाच्या अटी सविस्तर दिल्या आहेत. हा तपास दर ठरण्याआधी व्हावा.

दर्जा पारखणारी माणसे कोणाकडे असावीत, हा या साऱ्यातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे. बोइंगचे ७८७ हे विमान त्याचे ठळक उदाहरण आहे. कंपनीने पंख, धडाचे भाग आणि शेपटीचे पृष्ठभाग यांचे मोठे काम इटली, जपान आणि अमेरिकेतील भागीदारांकडे दिले आणि स्वतःकडे मुख्यतः अंतिम जुळणी ठेवली. त्याच्या आधीच, २००१ मध्ये, बोइंगमधीलच अभियंते एल. जे. हार्ट-स्मिथ यांनी एका निबंधात इशारा दिला होता की बाहेर काम देणाऱ्याने पुरवठादारांच्या जागी राहून तांत्रिक आणि दर्जाविषयक आधार दिला नाही, तर त्याची स्वतःची कामगिरी सर्वात कमकुवत पुरवठादाराच्या वर जाऊ शकत नाही. ७८७ चे पहिले विमान मे २००८ मध्ये ग्राहकाला मिळायचे होते. जुलै २००७ मध्ये समारंभपूर्वक बाहेर काढलेले विमान प्रत्यक्षात अपुरे होते आणि त्यात भाग जोडणारे तात्पुरते फास्टनर बसवलेले होते. पहिले उड्डाण डिसेंबर २००९ मध्ये झाले आणि ऑल निप्पॉन एअरवेजला पहिले विमान सप्टेंबर २०११ मध्ये मिळाले. दरम्यान २००९ मध्ये साउथ कॅरोलिनामधील एका भागीदाराचा कारखानाच बोइंगला विकत घ्यावा लागला. विलंबाची कारणे एकाहून अधिक होती, पण जे काम बाहेर दिले ते तपासण्यासाठी लागणारे ज्ञान आणि माणसेही बाहेर जाऊ देण्याची किंमत त्यात स्पष्ट दिसते. आपल्या कंपनीच्या मानाने हे उदाहरण फार मोठे असले, तरी नियम तोच आहे. काम परदेशी गेले म्हणून डिझाइन विभागातील अनुभवी माणूस कमी करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. ती बचत तक्त्यात घेऊच नये.

कराराविषयी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे मिळाल्यावर विकणाऱ्याला पैसे देण्याची बँकेची हमी, घेतले म्हणजे दर्जाची हमी मिळाली, ही समजूत चुकीची आहे. अशा हमीपत्रांसाठी २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक कागदपत्रे तपासते, माल तपासत नाही. कागद जुळले की पैसे जातात, पेटीत काहीही असो. म्हणून त्या कागदपत्रांत आपण नेमलेल्या संस्थेचा तपासणी-दाखला अनिवार्य करावा. तसेच सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडे एकत्र) अटीवर विकणारा भाडे आणि विमा भरत असला, तरी माल जहाजावर चढताच जोखीम घेणाऱ्याकडे येते, हे अनेकांच्या ध्यानात नसते. मोल्डची किंमत आपण दिली असेल, तर त्यांची मालकी, त्यांवरील खूण आणि मागताच ते परत करण्याची अट लिहून घ्यावी; हे नसेल तर पुरवठादार बदलण्याची धमकी पोकळ ठरते. वाद झाल्यास आपल्या न्यायालयाचा निकाल परक्या देशात राबवणे बहुधा कठीण असते, तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा बहुसंख्य देशांत राबवता येतो. म्हणून लवादाचे कलम, त्याची जागा आणि भाषा आधीच ठरवावी. तरीही लवादापर्यंत जाणे हा लहान कंपनीसाठी शेवटचा आणि महागडा मार्ग आहे. खरी पकड शिल्लक देयकात असते. साधारण तीस टक्के आगाऊ आणि उरलेले माल निघण्यापूर्वी देण्याची रीत प्रचलित आहे. त्यातला निदान काही भाग माल आपल्या गोदामात तपासल्यानंतर देण्यासाठी आग्रह धरावा, आणि त्या बदल्यात दर किंचित वाढवावा लागला तरी वाढवावा.

दर ताणण्यालाही एक मर्यादा आहे. कोटेशनमध्ये कच्चा माल, मजुरी, यंत्राचा वेळ, वेष्टन आणि नफा असे तुकडे मागून घ्यावेत. कच्च्या मालाचा जागतिक दर आपल्याला काढता येतो. त्यावरून मांडलेला किमान खर्च कोटेशनपेक्षा जास्त येत असेल, तर कुठेतरी पाणी मुरते आहे असे खुशाल समजावे. अशा दरात काम स्वीकारणारा कारखाना एक तर माल हलका वापरतो किंवा काम न सांगता आणखी स्वस्त जागी उतरवतो. ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली, त्यानंतर आपले कपडे त्या इमारतीत शिवले जात होते का, हे शोधायला काही ब्रँडना वेळ लागला. आपला माल नक्की कोणत्या छताखाली बनतो हे ठाऊक नसणे ही दर्जाचीही समस्या आहे आणि माणुसकीचीही, आणि या दोन गोष्टी मी कधीच वेगळ्या धरलेल्या नाहीत. आपल्या लेखी परवानगीशिवाय काम दुसरीकडे देता येणार नाही, अशी अट घालावी आणि न कळवता भेट देण्याचा हक्क राखून ठेवावा.

आपल्या प्रकरणी माझा सल्ला असा राहील. उपकरणाचे काम परदेशी देण्यास हरकत नाही, पण चाळीस टक्के गृहीत धरून नव्हे. वर दाखवल्याप्रमाणे तक्ता मांडून, सहा टक्के दोष धरूनही पाच-सहा टक्के बचत उरते का ते पाहावे. माझ्या गृहीत आकड्यांवर ती उरत नाही, म्हणून आपले खरे आकडे महत्त्वाचे आहेत. बचत उरत असेल तर पहिल्या वर्षी साधारण एक तृतीयांश माल तिकडून घ्यावा आणि उरलेला सध्याच्या पुरवठादाराकडेच ठेवावा, आणि त्याला हे स्पष्ट सांगावे. पहिल्या तीन खेपांच्या वेळी आपला स्वतःचा, कवच आणि वायरिंग दोन्ही समजणारा माणूस उत्पादन चालू असताना तिथे हजर असावा. माल पेट्यांत भरल्यावर केलेली तपासणी दोष सांगते, तो थांबवत नाही. प्रत्येक खेपेतील ठरावीक नग आपल्याकडे राखून, तोडून, तापवून, पाडून पाहावेत आणि त्यांचे निकाल पहिल्या खेपेशी ताडून पाहावेत, कारण घसरण बहुधा चौथ्या-पाचव्या खेपेपासून दिसू लागते. बिल-नोंदणी बाहेर द्यायला हरकत नाही, मात्र आधी महिनाभर तीच बिले आपल्याकडेही नोंदवून दोन्हींची तुलना करावी. कच्च्या मालाची ग्रेड, रीग्राइंडची मर्यादा आणि सुरक्षा-चाचणीची पद्धत लेखी मान्य करण्यास कारखान्याने टाळाटाळ केली, तर दर आणखी कमी करून मिळत असला तरी तिथेच थांबावे आणि दुसऱ्या पुरवठादाराकडून कोटेशन मागवावे.